युझावाला गाडी थांबते

डहाणू-तलासरीहून सहकुटुंब जपानच्या बर्फात जायचा बेत करणाऱ्यांना माझे पहिलेच सांगणे आहे: निसेकोचा नाद सोडा, युझावाला जा.

असे बेत आता आपल्याकडेही होऊ लागलेत. बोर्डी-घोलवडचे वाडीवाले, डहाणूचे व्यापारी, नोकरीत स्थिरावलेली शिक्षक-बँकवाल्यांची जोडपी, महामार्गाला नाहीतर रेल्वेला जमीन जाऊन मोबदला हाती आलेली काही घरे. जरूर जा. पैसा घामाचा असो की जमिनीचा, तो पोरांना जग दाखवायला खर्च केला तर कुणाच्या बापाचे काही जात नाही. आदिवासी घरातले कुणी विमानात बसले की ज्यांच्या पोटात दुखते, त्यांची पर्वा करू नका. कर्ज काढून मात्र जाऊ नका. मोबदल्याची सगळी रक्कम उडवूनही जाऊ नका. जमीन एकदाच विकली जाते.

माझे भांडण आहे ते टूरवाल्याच्या छापील कागदाशी. टोकियो, डिस्नेलँड, फुजी, क्योतो, ओसाका आणि मध्ये कुठेतरी बर्फासाठी अर्धा दिवस. बसमधून उतरा, घसरगुंडीवर बसा, फोटो काढा, बसमध्ये चढा. ज्यांच्याकडे जास्त पैसे आहेत त्यांना निसेको नाहीतर हाकुबा. ही ठिकाणे वाईट नाहीत, निसेकोचा भुसभुशीत बर्फ जगात नावाजलेला आहे. पण तिथे परदेशी पैसा आणि परदेशी पाहुणा इतका झाला आहे, की जपानचे खेडे तिथे शोधावे लागते. हाच कागद मुलुंडच्या कुटुंबाला देतात, तोच मेहसाण्याच्या. डहाणू-तलासरीच्या माणसाला जपानला जायचे एक स्वतःचे कारण आहे आणि ते या कागदावर नाही.

ते कारण नकाशावर बघा. टोकियोच्या वायव्येला डोंगर ओलांडला की नीगाता प्रांत लागतो. टोकियोहून जोएत्सु शिंकान्सेनमध्ये बसले की सव्वा-दीड तासात एचिगो-युझावा येते. वाटेत दाइशिमिझु नावाचा बोगदा आहे, २२ किलोमीटरचा. हिवाळ्यात गाडी आत शिरते तेव्हा बाहेर बहुतेकदा कोरडे, लख्ख ऊन असते. पलीकडे निघते तेव्हा छपरे, झाडे, तारा, सगळे पांढऱ्याखाली गेलेले. सैबेरियाकडून येणारा कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना पाणी उचलतो, डोंगराला अडतो, वर चढतो आणि सगळा माल समुद्राकडच्या उतारावर टाकून देतो. डोंगराच्या दुसऱ्या बाजूला टोकियोला त्यातले फारसे काही पोचत नाही. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जे पावसाचे होते, ते तिथे डिसेंबर ते मार्च बर्फाचे होते. या पट्ट्यातल्या इइयामा मार्गावर मोरिमियानोहारा नावाचे छोटे स्टेशन आहे. तिथे १२ फेब्रुवारी १९४५ रोजी ७.८५ मीटर बर्फ मोजला गेला. दोन मजली घर सहज गडप होईल इतका.

युझावाच्या शेजारीच गाला युझावा. शिंकान्सेनचे हे स्टेशन फक्त हिवाळ्याच्या हंगामात चालू असते आणि बर्फाच्या उतारासाठीच १९९० साली बांधले. फलाटावरून वर गेले की त्याच इमारतीत तिकीट, त्याच इमारतीत भाड्याचे कपडे-बूट-स्की आणि त्याच इमारतीतून डोंगरावर जाणारा पाळणा. सकाळी टोकियोहून निघालेले कुटुंब दिवसभर बर्फात खेळून रात्री परत टोकियोत जेवू शकते. पहिल्यांदा बर्फ बघणाऱ्या, म्हातारी आणि लहान मूल बरोबर असलेल्या कुटुंबाला याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही.

आणि ही जी गाडी आहे ना, शिंकान्सेन, तीच आपल्याकडे येते आहे. मुंबई-अहमदाबाद मार्गाचा पाया १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीत मोदी आणि शिंझो आबे यांनी घातला. ५०८ किलोमीटर. त्यातले १५५.७६ किलोमीटर महाराष्ट्रात, आणि पालघर जिल्ह्यात वसई, पालघर, डहाणू, तलासरी असे चार तालुके ओलांडत. खर्चाच्या ८१ टक्के जपानी कर्ज, ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची मुदत असे तेव्हा ठरले. तंत्र जपानचे, पैसा जपानचा, जमीन आपली. स्थानके बारा. आपल्या जिल्ह्यात विरार आणि बोईसर, पुढचे थेट वापी. डहाणू तालुक्यात एकही नाही. तलासरीत एकही नाही.

म्हणून म्हणतो, युझावाला जा. जी गाडी आपल्या शेतावरून न थांबता जाणार आहे, ती तिच्या माहेरी डोंगरातल्या खेड्यात कशी थांबते ते पोराबाळांना दाखवा.

ती तिथे आपोआप थांबत नाही. नीगाताचा हा बर्फाळ मुलूख एकेकाळी जपानचा मागासलेला कोपरा होता. हिवाळा लागला की शेते बर्फाखाली, काम बंद आणि घरातले कर्ते पुरुष टोकियोकडे. बांधकामावर, कारखान्यात, दारूभट्टीत मिळेल ते काम करायचे आणि बर्फ वितळला की लावणीला परत यायचे. मागे म्हातारे, बायका, पोरे आणि छपरावरचा बर्फ. छपरावरचा बर्फ वेळेत ओढला नाही तर घर मोडते. तो ओढताना आजही तिथे दर हिवाळ्यात माणसे पडून मरतात.

तलासरीच्या पाड्यांत हे ऐकवून बघा, कुणालाही नवल वाटणार नाही. फक्त ऋतू वेगळा. आपल्याकडे भात घरात आले, दिवाळी झाली की माणसे निघतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी रेती-बांधकामावर, कुणी ओखा-पोरबंदरकडच्या बोटींवर खलाशी म्हणून. येतात ती पावसाच्या तोंडावर. बोट सागरी हद्दीच्या पलीकडे सापडली म्हणून यातले कितीतरी कराचीच्या तुरुंगात जाऊन पडले. तलासरीच्या गरिबाचा परदेशप्रवास आजवर बहुधा असाच झाला आहे, हे परदेशवारीचा बेत करताना निदान शेजाऱ्याला आठवावे.

नीगाताच्या लोकांना काकुएइ तानाका नावाचा पुढारी मिळाला. तिथल्याच खेड्यातला, फारसे शिक्षण न झालेला, जुलै १९७२ ते डिसेंबर १९७४ जपानचा पंतप्रधान. उमेदवारीच्या पहिल्या दिवसांत तो सभांतून सांगायचा, मिकुनीचा डोंगर उडवून टाकू, म्हणजे वारे टोकियोकडे जातील आणि आपल्याकडे बर्फच पडणार नाही. डोंगर कुणी उडवला नाही, पण डोंगराला भोक पाडून १५ नोव्हेंबर १९८२ ला जोएत्सु शिंकान्सेन धावली. ती युझावाला थांबते, पुढे उरासासारख्या शेताभातातल्या स्टेशनावरही थांबते, जिथे तानाकाचा पुतळा उभा आहे. हा माणूस धुतल्या तांदळासारखा नव्हता. लॉकहीड लाच प्रकरणात १९७६ साली त्याला अटक झाली, १९८३ साली शिक्षा झाली. पैशाचे राजकारण त्याने जपानला शिकवले, असे तिथले लोकच म्हणतात. हे सगळे मान्य. तरीही एक गोष्ट उरते: आमच्या मुलखातून गाडी जाणार असेल तर ती आमच्यासाठी थांबली पाहिजे, हे त्याने आणि त्याच्या मतदारांनी दिल्लीसारख्या दूरच्या राजधानीला ऐकवले.

आपण काय ऐकवले? तलासरी-डहाणूच्या अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. तो त्यांचा हक्क होता. हा पेसा कायद्याखालचा, ग्रामसभेला विशेष हक्क असलेला भाग आहे. १९४५ साली तलासरीच्या झरी गावात गोदावरी परुळेकरांसोबत जमून ज्यांनी वेठबिगार नाकारली, त्यांची नातवंडे जमिनीच्या तुकड्यासाठी भांडणार नाहीत तर कोण भांडेल? पण विरोध मोडून पडला, मोबदल्याची बोलणी झाली, खांब उभे राहू लागले; त्यानंतर आपण गप्प बसलो. जमीन किती रुपये गुंठा याच्यावर रात्री-रात्री खल झाला. गाडी सुरू झाल्यावर आमच्या गावाला त्यातून काय, हा प्रश्न कुठल्याही पक्षाने जोर लावून विचारला नाही. हे सत्ताधाऱ्यांना लागू आहे आणि विरोधकांनाही.

ताशी ३२० किलोमीटरची गाडी पाड्यापाड्याला थांबवा, असे मी म्हणत नाही. ते होत नसते. जपाननेही तसे केलेले नाही. त्यासाठीच युझावाहून पुढे जायचे आहे.

एचिगो-युझावाला उतरून त्याच स्टेशनात होकुहोकु मार्गाची दोन-एक डब्यांची छोटी गाडी पकडायची. बोगद्यांमागून बोगदे आणि अर्ध्या-पाऊण तासात तोकामाची. तोकामाचीला शिंकान्सेन नाही. पण १९९७ साली हा जोडमार्ग सुरू झाला, प्रांत आणि वाटेवरच्या गावांनी मिळून काढलेल्या कंपनीचा. याच मार्गावरून आधी कानाझावाकडच्या जलद गाड्या जायच्या, त्यातून चार पैसे मिळायचे. २०१५ साली कानाझावापर्यंत दुसरी शिंकान्सेन गेली आणि त्या जलद गाड्या बंद झाल्या. छोटी गाडी तरीही चालू आहे. मोठी गाडी जिथे थांबत नाही, तिथल्या माणसाला मोठ्या गाडीपर्यंत वेळेवर नेऊन पोचवायची व्यवस्था, एवढेच हे आहे. बोईसरच्या नव्या स्थानकापर्यंत तलासरी, उधवा, कासा, डहाणूहून वेळापत्रक जुळवलेली गाडी कुठे आहे? तलासरीच्या माणसाला बोईसरपेक्षा वापी जवळ. महाराष्ट्रात जमीन देऊन गाडी पकडायला गुजरातेत जायचे? डहाणू-नाशिक रेल्वेची मागणी तर आपल्या आजोबांच्या वेळची आहे. विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत यायला एप्रिल २०१३ उजाडले.

पण तोकामाचीला नेण्याचे माझे खरे कारण याहून जवळचे आहे.

तोकामाची हे जपानातल्या सर्वांत जास्त बर्फाच्या शहरांपैकी एक. तिथल्या डोंगरात, मुले उरली नाहीत म्हणून बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेत तोकिओ हासेगावा या गृहस्थांनी १९८२ साली मिथिला संग्रहालय सुरू केले. बिहारची मधुबनी चित्रे हा त्याचा गाभा. पण त्याच इमारतीत गेरू-शेणाच्या रंगावर तांदळाच्या पिठाने काढलेले तारपा नाच, लग्नाचे चौक, भाताची खळी, ताडावर चढलेली माणसे आहेत. वारली चित्रे. डहाणूची. आपले वारली चित्रकार तिथे जाऊन, महिनोन् महिने मुक्काम करून मोठमोठ्या पटांवर काम करून आले. जिव्या सोमा मशे यांच्या हातचे कामही तिथे जपले आहे.

मशे म्हणजे याच दोन तालुक्यांचा माणूस. जन्म १९३४, तलासरीतले धामणगाव. आयुष्य गेले डहाणूत, गंजाडच्या कळंबीपाड्यावर. लहानपणी आई गेली तेव्हा पोर बोलेनासे झाले, मातीत बोटाने चित्रे काढून आपले म्हणणे सांगू लागले. भिंतीवर चौक लिहिणे हे सवाशिणींचे काम, लग्नापुरते. या माणसाने ते रोजचे केले, शेताचे, जाळ्याचे, मुंग्यांच्या वारुळाचे केले. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी पाड्यावर आले, त्यांनी हा हात ओळखला आणि चित्र भिंतीवरून कागदावर उतरले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी गंजाडला ते गेले. मशेंचा एखादा पट अगदी नाकाजवळून बघा. मासे पकडायचे जाळे एका रेघेनंतर दुसरी अशा हजारो बारीक रेघांनी भरलेले असते. एकही रेघ पट्टीने मारलेली नाही आणि एकही चुकलेली नाही. बांबूच्या काडीचे टोक दातांनी चावून केलेला तो कुंचला.

हे काम बघायला जपानी माणूस डोंगरावरच्या बंद शाळेत येतो. गंजाडलाही जपानी चित्रकार येऊन जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंती रंगवून गेले, पाड्यात राहिले, भाकरी-आंबील खाल्ली. आणि आपण? डहाणू स्टेशनाच्या भिंतीवर, सरकारी कचेरीच्या कुंपणावर, हॉटेलच्या संडासाच्या दारावर वारली माणसे छापून घेतो. बहुतेकदा ठेकेदाराकडून, साचा लावून, ज्याच्या हाताला वारली घराचा गंध नाही अशाकडून. मशेंच्या, त्यांच्या पिढीतल्या बायाबापड्यांच्या अस्सल कामाचे एक नीट, हवा-ओल सांभाळणारे, दिवा लावलेले, पोरांना फुकट आत सोडणारे संग्रहालय डहाणूत असायला हवे होते. तलासरीच्या पोराला आपल्याच गावात जन्मलेल्या माणसाचे उत्तम चित्र बघायचे असेल तर परदेश गाठावा लागतो. याची लाज वाटली पाहिजे, मला वाटते.

या कथेला एक काळी बाजू आहे आणि ती लपवून तोकामाचीचे गुण गाणे बरोबर होणार नाही. जुलै २००१ मध्ये मध्य प्रदेशचे थोर परधान गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांनी त्या संग्रहालयात मुक्कामी असताना आपले आयुष्य संपवले. मुक्काम लांबला होता, घरचे हजारो मैल दूर. आपल्या आदिवासी कलावंतांना परदेशी कुठल्या अटींवर, किती पैशांत, किती दिवस आणि किती एकटे नेले जाते, हा प्रश्न त्यानंतर देशभर विचारला गेला. त्याचे पुरते उत्तर अजून कुणी दिलेले नाही. आपली माणसे त्या बर्फात गेली ती एकेकटी, कामाला. तुम्ही बायकापोरांना, आईवडिलांना घेऊन जाताय. तेवढे लक्षात ठेवून त्या चित्रांसमोर उभे राहा.

आता बेताचे.

बर्फाचा हंगाम डिसेंबरअखेर ते मार्च. भरवशाचा म्हणाल तर जानेवारी-फेब्रुवारी. आपली दिवाळीची सुट्टी त्याआधी संपते, मेची सुट्टी लागते तोवर बर्फ ओसरलेला असतो. नाताळात जपानातही नववर्षाची गर्दी, हॉटेले भरलेली, दर चढलेले. तेव्हा मूल दहावी-बारावीत नसेल तर जानेवारीच्या मध्यात शाळेकडून सरळ आठवडाभर रजा मागून घ्या. वाडीवाल्याला थंडीत चिकूचा तोडा सोडून निघणे जड जाते, भावावर किंवा शेजाऱ्यावर भिस्त ठेवावीच लागेल. मच्छीमार कुटुंबांची मोकळीक जून-जुलैच्या बंदीत, आणि तेव्हा युझावाच्या उतारावर हिरवे गवत. त्यांना सोय नाही. बोटीचा एक फेरा सोडायची तयारी असेल तरच.

व्हिसाला बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रे लागतात. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र कधी भरलेच नाही, असे आपल्याकडे घरोघरी आहे. आधी ते भरा. प्रवासाचा विमा काढाल त्यात स्की करताना मोडलेले हाड धरतात का, ते वाचा. साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत. जाड कोट मुंबईत विकत घेऊ नका, उताराजवळ सगळे भाड्याने मिळते. हातमोजे, कानटोपी आणि लोकरीचे मोजे मात्र आपले न्या. पहिल्या दिवशी शिकवणीचा वर्ग घ्याच. उभे राहायला, थांबायला आणि नीट पडायला शिकवतात. हे न शिकता पाळण्याने वर जाणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. जेवणाची काळजी मासे-भात खाणाऱ्या घराला मुळीच नको. हा उओनुमाचा मुलूख, इथला कोशिहिकारी तांदूळ बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावर पिकतो आणि जपानातल्या सगळ्यात महाग तांदळांत गणला जातो. वाड्याचा कोलम खाणाऱ्याने तो सावकाश, कोरा, आधी एक घास खाऊन बघावा. जैन आणि शाकाहारी घरांनी ध्यानात ठेवावे की तिथल्या साध्या कढणातही सुक्या मासळीचा अर्क असतो.

आजीला बर्फावर ढकलू नका. तिच्यासाठी गरम पाण्याचे झरे आहेत, जपानी लोक त्याला ओन्सेन म्हणतात, युझावात ते ठिकठिकाणी आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीला डुबकी मारलेल्या म्हातारीला कुंडाची भीती नसते. पण एक गोष्ट आधी विचारून ठेवा. वारली घरातली आजी असेल तर तिच्या हातापायांवर, कपाळावर गोंदण असेल. जपानात गोंदणाचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी लावतात आणि पुष्कळ कुंडांवर गोंदलेल्या माणसाला आत घेत नाहीत. २०१३ साली होक्काइदोत न्यूझीलंडच्या एका माओरी बाईंना हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे असेच दारातून परत पाठवले होते, त्यावर मोठा गहजब झाला. दारात जाऊन म्हातारीचा अपमान करून घेण्यापेक्षा, कुटुंबापुरते तासावर मिळणारे खासगी कुंड आधीच राखून ठेवा. कोपरापर्यंतच्या त्या हिरव्या ठिपक्यांत तिचे माहेर आहे, ते झाकायला तिला सांगू नका.

गावातल्या रस्त्यांकडे लक्ष द्या. रस्त्याच्या मधोमध जमिनीलगत छोट्या तोट्या असतात, त्यातून जमिनीखालचे कोमट पाणी उडत राहते आणि बर्फ साचू देत नाही. पाण्यातल्या लोहामुळे रस्ता तांबडा पडलेला असतो. मुलांना ते दाखवा. शिंकान्सेनच्या रुळांवरही या भागात पाणी शिंपडून बर्फ वितळवतात. निसर्गापुढे हात न टेकता नळ, पंप, बोगदा आणि वेळापत्रक यांनी त्या लोकांनी हिवाळा चालता ठेवला आहे.

भूकंपाचेही विचारा. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासची गावे शेकडो धक्के सोसत आली, माणसे थंडीत घराबाहेर झोपली, शाळा तंबूत भरल्या. याच जोएत्सु मार्गावर २३ ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात धावती शिंकान्सेन रुळावरून घसरली. प्रवाशांना घेऊन धावताना असे प्रथमच घडले. गाडीतला एकही माणूस दगावला नाही. जमीन हलताच गाडीची वीज तोडणारी यंत्रणा होती. आपल्या मार्गावरही २८ भूकंपमापक बसवायचे ठरले आहे. गाडीतल्या प्रवाशाच्या जिवाची ही काळजी योग्यच आहे. तीच काळजी खांबाखाली राहणाऱ्या पोरांच्या शाळेची, तिच्या छपराची, तिच्या कवायतीची व्हायला हवी. तोकामाचीच्या शाळेत मूल पहिलीपासून बाकाखाली शिरायला शिकते. धुंदलवाडीच्या शाळेला हे शिकवायला जपानी कर्ज लागत नाही.

एवढे बघून झाले की वेळ उरलाच तर फुजी करा, डिस्नेलँड करा. पोरांनी हट्ट धरला तर करावेच लागेल.

जानेवारीत निघालात तर परतीचे तिकीट पंचवीस तारखेच्या आतले काढा. गाला युझावाच्या फलाटाचा, तोकामाचीच्या छोट्या गाडीचा आणि बंद शाळेतल्या वारली चित्रांचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. सव्वीस जानेवारीला गावोगावी ग्रामसभा असते. तिथे उभे राहून तो फोटो दाखवा आणि दोन ठराव लिहून घ्या: बोईसरच्या प्रत्येक थांब्याला जुळणारी गाडी डहाणू आणि तलासरीहून, आणि जिव्या सोमा मशे यांच्या नावाचे संग्रहालय आपल्याच तालुक्यात.